पुलावरची पिवळी पलटण

वजनमापे खात्यात ज्याने उभी हयात काढली त्याला मित्रांनी 'काटा' म्हणावं, यात नवल काही नव्हतं. तराजूचा काटा बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे, एवढंच काम त्याने जन्मभर केलं. दुकानादुकानांतून फिरायचं, पेटीतली पितळी वजनं काढायची, दुकानदाराची वजनं त्यांच्याशी ताडून बघायची, जुळली तर शिक्का मारायचा, नाही तर नाही. दुकानदाराने पुढे केलेला चहा तो घेत नसे. बसा म्हटलं की उभा राहत असे. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातला तराजू त्याने जप्त केला, तेव्हा बायकोने घरात अबोला धरला. या गृहस्थाला तो अबोला सुटेपर्यंत कळलाच नाही. घरात छान शांतता आहे म्हणून तो खुशीत होता.

खोटं बोलणं तर सोडाच, त्याला साधं गोड बोलणंही जमत नसे. बायकोने नवा चष्मा लावून कसा दिसतो असं विचारलं, तर हा म्हणाला, डावी दांडी जरा वर आहे. तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही. लोक त्याच्यावर वैतागत, पण त्याने 'बरोबर' म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा मोजून बघत नसे. निवृत्त झाल्यावर ही सचोटी ठेवायची कुठे, हा प्रश्नच होता. तो सुटला मोहिमेमुळे.

मोहीम म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे, कारण काट्याच्या नातेवाइकांनाही ते कधी नीट उमगलं नाही. 'ते चौघं म्हातारे रविवारी बाहुल्या खेळतात,' एवढीच त्यांची समजूत. बाहुल्या नव्हत्या त्या. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक होते, साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या लढायांतले. त्या काळी बंदूक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडवायची असे. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत समोरचा घोडेस्वार येऊन मुंडकं उडवून जाई. म्हणून बंदूकवाल्यांच्या शेजारी लांबच लांब भाले घेतलेले भालाईत उभे करत. घोडा भाल्यांवर येत नाही, आणि भालाइतांना लांबून मारणाऱ्याला बंदूक मारते. एकाला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही. असल्या पलटणी टेबलावर मांडायच्या, पट्टीने मोजून पुढे सरकवायच्या, फासे टाकून कोण पडलं कोण पळालं ते ठरवायचं. आणि ही एकेक लढाई सुटी नाही. भिंतीवर टांगलेला नकाशा, त्यावर कल्पनेतली दोन-तीन राज्यं, नद्या, पूल, धान्याची कोठारं. एका लढाईत गेलेली माणसं पुढच्या लढाईत नसतात. हे सगळं मिळून मोहीम. ती कैक वर्षं चालली होती आणि ती संपावी अशी कोणाचीच इच्छा नव्हती.

खेळ चाले बेकरीवाल्याच्या माळ्यावर. खाली भट्टी, वर मैद्याची पोती. रविवारी दुपारी भट्टी बंद असली तरी माळा उबदार असे. दोन जुनी दारं लाकडी घोड्यांवर आडवी टाकून टेबल केलेलं. लाल फौज बेकरीवाल्याची. माणूस जितका मोठ्याने बोलणारा तितकाच मोठ्याने हरणारा. निळी फौज डॉक्टरची. वायरमन हा तिसरा संस्थानिक, आज इकडे तर उद्या तिकडे. तो दुपारभरात फार तर चार वाक्यं बोले आणि त्यातलं एखादं बाजू बदलल्याचं असे. काटा कोणाच्याच बाजूचा नव्हता. तो पंच.

डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर. आता निवृत्त. सगळे सैनिक त्याने रंगवलेले, आपले आणि शत्रूचेही. दात कोरायच्या हत्यारांनी तो सैनिकांच्या नाकाडोळ्यांवरचं शिसं तासत असे, आणि भाले करत असे दात सरळ करायच्या तारेचे. ते कधी वाकत नसत. डॉक्टर आणि काटा शाळेपासूनचे. शाळेत काट्याने डॉक्टरला कॉपी करताना पकडून दिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी दोघं एकाच बाकावर बसले होते. मैत्री म्हणतात ती अशी.

आता या चौघांची एक रीत. लढाई टेबलावर होत असली, तरी नकाशावरच्या हालचाली गुप्त असत. दर रविवारी खेळाआधी एकेका सेनापतीने केकच्या रिकाम्या खोक्यांच्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि पंचाच्या कानात हुकूम सांगायचे: अमकी पलटण कोठारावर, तमकी खिंडीत. कागद वापरायचा नाही. पूर्वी एकदा कागद वापरला होता, तो उडून बेकरीवाल्याच्या पायाशी पडला आणि त्याने तो वाचला, की वाचला नाही, यावरून मोहीम मोडायची वेळ आली होती. तेव्हापासून तोंडी. याला ते 'कानगोष्ट' म्हणत. कोणाच्या मनात काय चाललंय हे एकट्या काट्याला ठाऊक असे, आणि ते बायकोलाही सांगायचं नाही हा त्याचा नेम होता.

त्या रविवारी डॉक्टर खोलीत आला, खोक्यावर टेकला, आणि नेहमीच्या संथ आवाजात त्याने हुकूम सांगितले. तोफा टेकडीवर. घोडदळ राजधानीजवळ राखून. आणि मग म्हणाला, "गिरणीच्या पुलावर पिवळी पलटण. पिवळे असले की मला चिंता नाही."

काटा थांबला. पिवळी पलटण म्हणजे डॉक्टरने सगळ्यांत आधी रंगवलेली, पिवळ्या डगल्यांची भालाइतांची पलटण. ती आता नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच पुलावर वायरमनच्या घोडदळाने तिच्यावर झडप घातली, डॉक्टरने टाकलेला फासा एक पडला, आणि पिवळे पाठ दाखवून पळाले. नियमाप्रमाणे पलटण कायमची बाद. त्या दिवशी डॉक्टर जेवला नव्हता. 'माझे भालाईत पळत नाहीत,' एवढंच घोकत होता. आणि आता तो त्यांनाच पुलावर धाडत होता.

काट्याला आधी वाटलं थट्टा आहे. त्याने डॉक्टरच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे थट्टा नव्हती. डॉक्टर गुडघ्यावरचा मैदा झटकत उठला आणि बाहेर गेला.

नियम सरळ होता: नसलेल्या पलटणीला दिलेला हुकूम बाद. म्हणजे पूल मोकळा. बेकरीवाला पूल ओलांडून राजधानीत शिरणार आणि सगळे डॉक्टरला विचारणार, अरे, पूल रिकामा कसा ठेवलास? डॉक्टर म्हणणार, मी पिवळे पाठवले होते. मग सगळे हसतील. मग हसायचे थांबतील. बाहेर बेकरीवाला हात चोळत उभा होता, त्याने पुलाकडे फौज धाडलीच होती.

"पुलावर फौज आहे," काटा म्हणाला. "लढाई पुढच्या रविवारी."

जन्मभरात त्याने केलेलं हे पहिलं खोटं माप. ते त्याला इतकं सहज जमलं की त्याचीच त्याला भीती वाटली.

मधल्या दिवसांत तो काहीतरी निमित्त काढून डॉक्टरच्या घरी गेला. दार वहिनींनी उघडलं. डॉक्टर आत खिडकीशी बसून एक तोफ रंगवत होता, हात पूर्वीसारखाच स्थिर. वहिनींनी स्वयंपाकघरात पाणी देताना इकडचं तिकडचं बोलून घेतलं, आणि मग बोलता बोलता सांगितलं की परवा हे दवाखाना उघडायला निघाले होते. दवाखाना विकून किती तरी काळ लोटला होता, तिथे आता चपलांचं दुकान होतं. वय झालं की होतं असं, त्या म्हणाल्या. काटा हो म्हणाला. आपल्याला किती ठाऊक आहे ते दोघांनीही एकमेकांना कळू दिलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात दाखवून झालं होतं, हे त्याला पुढे कळलं.

घरी आल्यावर त्याने नेम मोडला आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, माझ्या सख्ख्या भावाचा तराजू उचलून नेताना तुमचा हात थरथरला नव्हता, आणि आता शिशाच्या बाहुल्यांसाठी झोप उडालीय. यात रागही होता आणि नव्हताही. मग तिनेच घरच्या माळ्यावरचा डबा काढून दिला, ज्यात बाद झालेल्या पलटणी कापसात गुंडाळून ठेवलेल्या असत. पिवळे सगळ्यांत तळाशी होते.

रविवारी काट्याने टेबलावर पूल मांडला आणि पुलावर पिवळे उभे केले.

बेकरीवाल्याच्या हातातला बिस्किटाचा तुकडा चहात पडला. हे कुठून आले, त्याने विचारलं. काट्याने घोकून ठेवलेलं उत्तर दिलं: निळ्या राजाने पिवळ्यांची नव्याने भरती केली आहे, पंचाचा तसा अधिकार आहे. बेकरीवाला म्हणाला की इतक्या वर्षांत एकही पलटण परत आलेली नाही. त्याची काळ्या टोपीवाली पलटण दलदलीत गेली तेव्हा तो हातापाया पडला होता तरी ती परत दिली नव्हती, आणि हे पिवळे तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ढुंगणाला पाय लावून पळाले होते. त्याचं सगळं खरं होतं. खरं बोलणाऱ्याला गप्प कसं करायचं हे काट्याला माहीत नव्हतं, म्हणून तो ओरडला. कोणीही त्याला पूर्वी ओरडताना ऐकलं नव्हतं. बेकरीवाला चकित होऊन खाली बसला. वायरमनने एकदा काट्याकडे आणि एकदा डॉक्टरकडे पाहिलं, आणि फासे उचलले.

लढाई मात्र देखणी झाली. डॉक्टरने भालाईत पुलाच्या तोंडाशी दाटीने उभे केले, बंदूकवाले दोन्ही अंगांना काठावर, आणि लालांना पुलाच्या मध्यापर्यंत येऊ देऊन असा काही बार काढला की बेकरीवाल्याची पुढची पलटण उभीच्या उभी आडवी झाली. तो एकही चाल चुकला नाही. कुठे किती अंतर, कोण केव्हा दमणार, सगळं त्याच्या बोटांवर होतं. दुपार कलेपर्यंत पूल निळ्यांकडेच राहिला. काट्याला वाटलं, चला, निभावलं. एका खोट्याने कोणाचं काय बिघडलं?

लढाई संपल्यावर खोक्यांच्या खोलीत तो पट्ट्या ठेवत होता, तेव्हा डॉक्टर आत आला आणि त्याने दार लावून घेतलं. कानगोष्टीची वेळ नव्हती ती.

"पिवळे गेलेत ना?" डॉक्टरने विचारलं.

काटा पट्ट्या ठेवायचा थांबला.

"मी त्यांना टेबलावर बघितलं, मला बरं वाटलं. मग तो ओरडायला लागला, ते पळाले होते म्हणून. मला काही आठवेना. म्हटलं, त्याची सवय आहे, बोंबलतोय. पण मग तू ओरडलास." डॉक्टर खोक्यावर बसला. "तू बरोबर असलास की ओरडत नाहीस. तू खोटं बोलत होतास."

"हो," काटा म्हणाला.

"घरी सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. ही म्हणते वय झालं. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, मलाही नाही आठवत. त्यांचं ऐकून मला काही कळत नव्हतं. पण तू खोटं बोललास, तेव्हा कळलं, की माझं खरंच काहीतरी बिघडलंय."

काट्याला रडू आलं. ते लपवायचंही त्याला सुचलं नाही, तो तसाच पट्ट्या हातात धरून उभा राहिला. दया म्हणून केलेली गोष्ट नेमकी अशी जाऊन लागेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. जगातल्या कोणीही डॉक्टरसाठी ते खोटं बोलून चाललं असतं, एक त्याने बोलून चालणार नव्हतं.

डॉक्टर बराच वेळ खोक्यांची लेबलं वाचत राहिला. मग म्हणाला, "मला एक कबूल कर. इथे तरी मला खरं सांगायचं. मी विचारलं की सांगायचं, कसंही वाटलं तरी. बाकी कुठे नाही मिळालं तरी चालेल."

काट्याने कबूल केलं.

दोघं बाहेर आले आणि काट्याने निकाल दिला: पिवळी पलटण बाद आहे, आजची लढाई रद्द, पूल लालांचा. का, ते डॉक्टरने स्वतःच सांगितलं. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की दाढ वाचणार नाही, तेव्हा मला हे सांगता येतं, अशी त्याने सुरुवात केली आणि पुढचं थोडक्यात उरकलं. पूल मिळालेला बेकरीवाला खाली मान घालून बसला होता. मग भट्टी बघून येतो म्हणून तो खाली गेला. भट्टी रविवारी बंद असते हे सगळ्यांनाच माहीत होतं. वायरमनने पुलावरचा एकेक पिवळा उचलून परत कापसात गुंडाळला.

तेव्हापासून कानगोष्टीला नवा शिरस्ता पडला. डॉक्टर खोलीत यायचा, बसायचा, आणि आधी काटा त्याला सांगायचा की त्याच्याकडे काय काय उरलं आहे. ते झालं की डॉक्टर हटकून विचारायचा, "आणि पिवळे?"

"गेले," काटा सांगायचा.

"कसे?"

"पळाले."

आणि दर वेळी डॉक्टर चष्मा काढून हातात धरायचा. 'माझे भालाईत पळत नाहीत,' म्हणायचा. त्याच्या लेखी ही बातमी त्याच क्षणी आलेली असे. थोड्या वेळाने डॉक्टर चष्मा पुसून लावी आणि असलेल्या पलटणींचे हुकूम सांगे. हुकूम अजून शहाण्यासारखे असत, पण दर खेपेला थोडे कमी. लालांनी हळूहळू निळ्यांचं निम्मं राज्य घेतलं. बेकरीवाला जिंकत होता आणि दिवसेंदिवस त्याचा आवाज लहान होत चालला होता. राजधानी समोर मोकळी दिसत असूनही तो कधी तिच्या वाटेला गेला नाही. काट्याने त्याला एकदा त्याबद्दल टोकलं, तर म्हणाला, माझ्या फौजेची रसद संपलीय. रसद संपली नव्हती, हे पंचाला ठाऊक होतं. पण ज्याने त्याने आपली फौज कुठे न्यावी हा ज्याचा त्याचा अधिकार, त्यात पंचाला बोलायला जागा नव्हती.

एकदा काटा डॉक्टरला न्यायला गेला तेव्हा वहिनींनी त्याला दारातच अडवलं. एरवी त्या मोठ्याने बोलणाऱ्या नव्हेत.

"ते पिवळे पळाले म्हणून तुम्ही त्यांना तोंडावर सांगता म्हणे. दर रविवारी घरी येतात ते उतरलेलं तोंड घेऊन. कशामुळे ते त्यांनाही सांगता येत नाही, नुसते बसून राहतात. भाऊजी, खेळातलीच गोष्ट आहे. आहेत म्हणून सांगितलं तर काय होणार आहे?"

काटा म्हणाला की डॉक्टरने त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलंय.

"कबूल करून घेतलं ते तरी त्यांना आठवतंय का?"

"नाही," काटा म्हणाला. "मला आठवतंय."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्या आत गेल्या, डॉक्टरचा स्वेटर आणून त्याच्या हातात दिला, माळ्यावर आता गार असेल म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं.

त्या दुपारी जिन्याच्या पायऱ्या चढताना काटा विचार करत होता की एका माणसाला एकच वाईट बातमी पुन्हा पुन्हा देणं, हे कसलं प्रामाणिकपण? दुकानदाराचा खोटा तराजू एकदा जप्त केला की काम संपतं. इथे तो दर रविवारी तोच तराजू जप्त करत होता. आणि तरीही डॉक्टर समोर बसला आणि त्याने विचारलं, तेव्हा त्याने खरं तेच सांगितलं. डॉक्टरने चष्मा काढला. तो रविवार काट्याला फार लांबला.

पुढे वहिनींनी विषय काढला नाही. फक्त रविवारी संध्याकाळी त्या डॉक्टरला घेऊन बागेत जाऊ लागल्या.

मग एक रविवार असा आला की डॉक्टर खोलीत आला, बसला, काट्याने त्याला उरलेल्या पलटणी सांगितल्या, आणि डॉक्टर नुसताच मान हलवत राहिला. काटा वाट बघत होता. डॉक्टर खिडकीबाहेर वायरमनच्या सायकलकडे बघत होता. त्याने काही विचारलं नाही.

विचारलं तर सांगायचं, असं ठरलं होतं. विचारलंच नाही, तर? काट्याला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. इतक्या रविवारी तो हा प्रश्न चुकावा म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसला होता. प्रश्न चुकला, आणि त्याला एकाएकी फार एकटं वाटलं. न राहवून त्याने स्वतःच काढलं.

"पिवळे गेले, डॉक्टर."

डॉक्टरने त्याच्याकडे वळून पाहिलं. "कोण पिवळे?"

"भालाईत. पिवळ्या डगल्यांचे. गिरणीच्या पुलावर होते."

"कोणाचे?"

"तुझे."

"असं?" डॉक्टरला त्यात रस वाटला. "नीट लढले का?"

दार बंद होतं. डॉक्टरला कशाचीच आठवण नव्हती. आता तर तो स्वतःही ताडून बघू शकणार नव्हता. हो म्हणायला कोणाची ना नव्हती, वहिनींनी तर हात जोडले असते.

"नाही," काटा म्हणाला. "पळाले."

आणि डॉक्टर हसला. नुसतं हसू नव्हतं ते, खोक्याला धरून, डोळ्यांत पाणी येईतो तो हसला. काट्याने त्याला असं हसताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "पळाले? भाले टाकून?"

"भाले टाकून."

"शहाणे होते," डॉक्टर डोळे पुसत म्हणाला. "मग काही घरी पोचले असतील."

काटा उत्तर देणार तोच थांबला. मोहिमेचे नियम त्यानेच बसवले होते, त्याला ते झोपेतही पाठ होते, आणि या गोष्टीचा त्याने आजवर कधी विचार केला नव्हता. उभ्या जागी कापली गेली ती पलटण मेलेली धरायची. पळालेल्या पलटणीतली निम्मी माणसं मेलेली धरायची नाहीत. ती पांगलेली धरायची. फौजेला ती पुन्हा मिळत नाहीत एवढंच. ती कुठे जातात, ते नियमात नव्हतं. आपापल्या गावी जात असतील, आणखी कुठे जाणार?

त्याने ते नीट ताडून पाहिलं. कुठे काही जास्त पडत नव्हतं, कमी पडत नव्हतं.

"निम्मे तरी पोचले," तो म्हणाला.

"झालं तर मग," डॉक्टर म्हणाला, आणि उठायला त्याने काट्याचा हात मागितला.